निष्ठा कुणाशी? इंग्रजीतल्या सर्वांत जुन्या कवितांमधलं अँग्लो-सॅक्सन जग

२०१९ मध्ये मध्ययुगीन इंग्लंडचा अभ्यास करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय विद्वत्संस्थेने आपल्या नावातून ‘अँग्लो-सॅक्सन’ हे शब्द काढून टाकले. २०२४ मध्ये केंब्रिजहून निघणाऱ्या एका नामांकित संशोधनपत्रिकेनेही तेच केलं. त्यावर ब्रिटनमध्ये बरीच वादावादी झाली. नाव बदलणाऱ्यांचं म्हणणं असं, की हे नाव आता गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचा डंका पिटणाऱ्यांच्या तोंडी बसलं आहे. त्याला आधारही आहे. २०२१ मध्ये अमेरिकी काँग्रेसमधल्या एका प्रस्तावित गटाच्या मसुद्यात ‘अँग्लो-सॅक्सन राजकीय परंपरां’बद्दल आदर बाळगण्याची भाषा होती, आणि त्यावर तिकडे मोठा गदारोळ झाला.

या गोंधळात एक साधा प्रश्न मागे पडतो. ज्यांच्या नावावरून हे भांडण चाललंय, ते लोक स्वतः कशाला चांगलं म्हणत होते आणि कशाला वाईट? त्यांनी कविता मागे ठेवल्या आहेत. आपल्याकडे इंग्रजी साहित्य घेऊन पदवी करणाऱ्यांना त्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या एक-दोन तासांत भेटतात आणि लगेच चौदाव्या शतकातला कवी चॉसर सुरू होतो. तलवारी, राक्षस आणि शूर सरदार एवढंच लक्षात राहतं. हे चित्र अपुरं आहे. हे कवी शौर्यावर प्रेम करतात यात शंका नाही. पण त्यांचं मन खरं गुंततं ते माणसामाणसांतल्या बांधिलकीत, आणि दोन बांधिलक्या समोरासमोर आल्या की माणसाचं काय होतं या प्रश्नात. माझ्या मते त्यांची थोरवी तिथेच आहे.

हे लोक होते कोण?

इ.स. ४१० च्या सुमारास ब्रिटनवरची रोमन सत्ता संपली. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत आजच्या उत्तर जर्मनी, डेन्मार्क आणि नेदरलँड्सच्या किनाऱ्यांवरून लोक समुद्र ओलांडून ब्रिटनच्या पूर्व आणि दक्षिण भागात वसले. बीड नावाच्या भिक्षूने ७३१ मध्ये आपला इतिहासग्रंथ पूर्ण केला. त्यात त्याने या लोकांचे अँगल, सॅक्सन आणि ज्यूट असे तीन गट सांगितले आहेत. त्यांचा एक देश नव्हता. केंट, मर्सिया, नॉर्थम्ब्रिया, वेसेक्स अशी वेगवेगळी राज्यं होती आणि ती आपसांत सतत लढत. ५९७ मध्ये पोपने पाठवलेला ऑगस्टीन केंटमध्ये उतरला, आणि पुढच्या शंभरेक वर्षांत एकेक राजघराणं ख्रिस्ती झालं. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला आणि समुद्राकडून येणाऱ्या धाडींचं युग सुरू झालं. १०६६ मध्ये नॉर्मन आले आणि हा कालखंड संपला.

या लोकांच्या भाषेला आपण जुनी इंग्रजी म्हणतो. आजच्या लंडनकरालाही ती शिकल्याशिवाय वाचता येत नाही.

कविता आपल्यापर्यंत आल्या कशा?

जेमतेम आल्या. सुमारे तीस हजार ओळी उरल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक चार हस्तलिखितांत आहेत. एक एक्झिटरच्या चर्चमध्ये, एक ऑक्सफर्डला, एक ब्रिटिश लायब्ररीत आणि एक थेट इटलीतल्या वर्चेली गावात. १०७२ मध्ये वारलेल्या बिशप लिओफ्रिकने एक्झिटरचं पुस्तक तिथल्या चर्चला दिलं. पुढे कुणी त्याच्या पानांवर सुरीने काही कापलं, कुणी त्यावर भांडं ठेवलं, त्याचा गोल डाग आजही दिसतो. शेवटची पानं जळली आहेत. त्या जळलेल्या भागात एक कविता आहे, ओसाड पडलेल्या रोमन शहराच्या भग्न भिंतींवरची. ती स्वतःच आता भग्न झाली आहे.

‘बेओवुल्फ’ हे ३,१८२ ओळींचं काव्य एकाच हस्तलिखितात उरलं आहे, इ.स. १००० च्या आसपासच्या. १७३१ मध्ये लंडनमधल्या ज्या घरात ते ठेवलं होतं तिथे आग लागली. पुस्तक वाचलं, पण पानांच्या कडा करपल्या आणि नंतर झडत गेल्या.

या कवितेला यमक नसतं. प्रत्येक ओळीत चार जागी आघात, मधोमध एक थांबा, आणि थांब्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग अनुप्रासाने बांधलेला. ती गायली किंवा म्हटली जाई, बहुधा तंतुवाद्याच्या साथीने. १९३९ मध्ये सफोकमधल्या सटन हू इथे जमिनीखाली पुरलेलं सत्तावीस मीटर लांबीचं जहाज सापडलं. सातव्या शतकाच्या सुरुवातीची, बहुधा एखाद्या राजाची ती समाधी होती. तिथे शिरस्त्राण आणि सोन्याचे दागिने होते, आणि त्यांच्याबरोबर मेपलच्या लाकडाच्या वीणेचे तुकडेही. राजासोबत वाद्य पुरणारे हे लोक होते.

कवींना जोडनावं फार आवडत. समुद्र म्हणजे व्हेलची वाट, शरीर म्हणजे हाडांचं घर. आणि राजा म्हणजे कडी वाटणारा.

राजा सोन्याची कडी का वाटतो?

इथून पुढे त्यांचं जग उलगडायला लागतं. प्रत्येक राजाचं किंवा मोठ्या सरदाराचं एक लाकडी दालन असे: लांबलचक, मधोमध आगटी, दोन्ही बाजूंना बाकं. नॉर्थम्बरलँडमधल्या यिव्हरिंग इथल्या उत्खननात अशा राजदालनांच्या खुणा मिळाल्या आहेत. तिथे राजा आपल्या योद्ध्यांना जेवू घालतो, मीड नावाची मधाची दारू पाजतो, हातातली सोन्याची कडी, तलवारी, घोडे देतो. योद्धा ते घेतो आणि सगळ्यांसमोर शब्द देतो: वेळ आली की मी मागे हटणार नाही.

हा पगार समजला तर सगळी कविताच हातची जाते. आपल्याकडच्या लग्नातल्या आहेराचा विचार करा. आहेर ही किंमत नसते, पण तो फुकटही नसतो. कुणी काय दिलं हे घरातल्या वहीत लिहिलेलं असतं, आणि त्यांच्या घरचं कार्य आलं की ती वही उघडते. त्या देण्याघेण्यातून दोन घरं बांधलेली राहतात. दालनातलं सोनं हेच काम करतं. फरक एवढाच की परतफेड करायची ती रणांगणावर, आणि कधी कधी जिवाने.

‘बेओवुल्फ’मध्ये हे स्पष्ट दिसतं. डेन लोकांचा राजा ह्रोथगार याच्या दालनावर ग्रेंडेल नावाचा राक्षस बारा वर्षं हल्ले करत असतो. आजच्या दक्षिण स्वीडनमधल्या गेआट लोकांतला तरुण बेओवुल्फ समुद्र ओलांडून येतो, आधी त्याला आणि मग त्याच्या आईला मारतो. ह्रोथगार त्याला अमाप देणग्या देतो. घरी परतल्यावर बेओवुल्फ त्या आपला राजा हिगेलाक आणि त्याची राणी यांच्यापुढे ठेवतो. हिगेलाक उलट त्याला वडिलोपार्जित तलवार, जमीन आणि दालन देतो. सोनं एका जागी थांबत नाही, आणि थांबत नाही म्हणूनच ते चांगलं असतं.

वाईट माणूस कोण, हेही यातूनच ठरतं. ह्रोथगार बेओवुल्फला हेरेमोड नावाच्या जुन्या राजाची गोष्ट सांगून सावध करतो. हेरेमोडने कडी वाटणं बंद केलं आणि आपल्याच पंक्तीला बसणाऱ्यांचे जीव घेतले. काव्याच्या शेवटी येणारा ड्रॅगन तीनशे वर्षं सोन्याच्या ढिगावर नुसता बसून आहे. त्याच्या बाजूला कुणी नाही, त्या सोन्याचा कुणाला उपयोग नाही. हेरेमोडचीच वाट शेवटपर्यंत चालत गेलं, तर जे उरेल ते हे.

दिलेला शब्द: माल्डन, ९९१

ही झाली आख्यायिका. आता खरी घडलेली लढाई. ९९१ मध्ये एसेक्समधल्या माल्डनजवळ ब्लॅकवॉटर नदीच्या खाडीत व्हायकिंगांचं आरमार आलं. त्यांच्यासमोर राजाचा प्रांताधिकारी बिर्टनॉथ उभा राहिला. या लढाईवरच्या काव्याच्या ३२५ ओळी उरल्या आहेत. सुरुवात आणि शेवट नाही. मूळ प्रत १७३१ च्या त्याच आगीत जळाली. कुणीतरी आधी नक्कल करून ठेवली होती म्हणून काव्य आपल्या हाती लागलं.

व्हायकिंगांचा दूत खंडणी मागतो. बिर्टनॉथ उत्तर देतो: खंडणी हवी ना, भाल्यांची टोकं आणि जुन्या तलवारी घेऊन जा. शत्रू खाडीतल्या बेटावर आहे. ओहोटी लागली की किनाऱ्याकडे येणारी एक अरुंद वाट उघडी पडते. तीन इंग्लिश योद्धे ती वाट अडवून धरतात. मग शत्रू विनंती करतो, आम्हाला पलीकडे येऊ द्या. बिर्टनॉथ येऊ देतो. कवी इथे त्याला सोडत नाही. गर्वाच्या भरात त्याने शत्रूला नको तेवढी जमीन दिली, असं तो सरळ म्हणतो.

बिर्टनॉथ मारला जातो. ज्याला त्याने अनेक घोडे दिले होते तो गॉड्रिक मालकाच्याच घोड्यावर बसून पळून जातो. लोकांना वाटतं खुद्द मालकच पळतोय, आणि फळी फुटते. मग उरलेले एकेक जण बोलू लागतात. काव्याचा जीव या बोलण्यात आहे. अ‍ॅल्फविने हा तरुण आठवण करून देतो, की मीड पिताना बाकांवर बसून आपण काय काय बोललो होतो. आता कळेल कोण खरा. डुन्नेरे हा साधा शेतकरी भाला उंचावून म्हणतो, मालकाचा सूड घ्यायचाय त्याने जिवाची पर्वा करू नये. नॉर्थम्ब्रियाहून ओलीस आणलेला एक तरुणसुद्धा हटत नाही, बाण सोडत राहतो. शेवटी म्हातारा बिर्टवोल्ड बोलतो. त्या ओळी मराठीत आणायचा माझा प्रयत्न:

‘मन अधिक निग्रही व्हावं, काळीज अधिक करारी,
हिंमत वाढत जावी, जसजसं बळ ओसरेल.’

मी म्हातारा आहे, इथून जाणार नाही, ज्याच्यावर जीव लावला त्या मालकाशेजारी पडून राहीन, असं तो सांगतो.

लढाई हरली. अँग्लो-सॅक्सन बखरीनुसार त्याच वर्षी व्हायकिंगांना दहा हजार पौंडांची खंडणी द्यावी लागली. बिर्टनॉथने नाकारलेली गोष्ट त्याच्या मरणानंतर काही महिन्यांतच घडली. नेता चुकला हे कवीला दिसतं. त्या चुकीमुळे माणसं मरणार हेही दिसतं. तरीही मालक चुकला म्हणून त्या माणसांचा शब्द खोटा ठरत नाही, असं तो मानतो. हे आपल्याला पटो न पटो, पण तो आंधळेपणाने निष्ठेचे गोडवे गात नाही, एवढं नक्की.

दोन कर्तव्यं भिडली की काय?

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. त्यासाठी एक संज्ञा समजून घ्यावी लागेल: वेरगिल्ड, म्हणजे माणसाच्या जिवाचं मोल. कुणी कुणाला मारलं तर मृताच्या नातेवाइकांनी सूड घ्यायचा, किंवा मारणाऱ्याकडून ठरलेली रक्कम घेऊन वैर मिटवायचं. वेसेक्सच्या कायद्यात साध्या मोकळ्या माणसाचं मोल दोनशे शिलिंग होतं, उमरावाचं बाराशे. पोलीस नव्हते, तुरुंगांची व्यवस्था नव्हती. आपल्यामागे माणसं उभी आहेत, हीच सुरक्षा. एका खुनातून वैराची मालिका सुरू होऊ नये म्हणून ही रक्कम.

या व्यवस्थेत एक भगदाड आहे आणि कवीला ते ठाऊक आहे. म्हातारा बेओवुल्फ ड्रॅगनशी होणाऱ्या मरणाच्या लढाईआधी आपल्या आजोबांची, राजा ह्रेथेलची आठवण सांगतो. ह्रेथेलचा एक मुलगा, हॅथकिन, याने सोडलेला बाण चुकून दुसऱ्याला, हेरेबेआल्डला, लागला आणि तो मेला. आता सूड कुणावर घ्यायचा? स्वतःच्याच मुलावर? आणि मोल कुणी कुणाला द्यायचं? बापाला काहीच करता येत नाही. कवी इथे एका दुसऱ्या म्हाताऱ्याचं चित्र उभं करतो, ज्याचा तरुण मुलगा फासावर लटकतोय. रोज सकाळी त्याला मुलाचं जाणं नव्याने आठवतं, मुलाचं रिकामं घर दिसतं, पूर्वीसारखा वाद्याचा आवाज नाही, अंगणात हसणं नाही. ह्रेथेल या दुःखानेच मरतो. सगळा समाज ज्या नियमावर उभा आहे, तो नियम या बापाला एक शब्दही देऊ शकत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या वीरकाव्यात हे असेल अशी अपेक्षा नसते, म्हणून पहिल्यांदा वाचताना माणूस हबकतो.

नातेवाईक आणि मालक यांच्यात निवड करायची वेळ आली तर? नवव्या शतकातल्या वेसेक्सच्या राजा आल्फ्रेडच्या कायद्याने याचं उत्तर दिलं होतं: आपल्या नातेवाइकावर अन्यायाने हल्ला झाला तर त्याच्या बाजूने लढायची मुभा आहे, पण स्वतःच्या मालकाविरुद्ध नाही. कायद्यात हे लिहावं लागलं, यावरूनच प्रश्न किती खरा होता ते कळतं.

आणि यात बायका कुठे होत्या? अगदी मधोमध. वैर मिटवायला राजघराण्यातली मुलगी शत्रूच्या घरी दिली जाई. बेओवुल्फने ग्रेंडेलला मारल्यावर दालनात उत्सव चालू असताना गायक हिल्डेबुर्हची कथा गातो. ती डेन राजकन्या, फ्रिसियन राजा फिनला दिलेली. तिचा भाऊ ह्नॅफ आपल्या माणसांसह तिच्या घरी पाहुणा येतो आणि लढाई पेटते. सकाळी तिच्यासमोर तिचा भाऊ आणि मुलगा दोघांची प्रेतं असतात, एकमेकांविरुद्ध लढलेल्या बाजूंची. ती एकच गोष्ट सांगते: माझ्या मुलाला त्याच्या मामाशेजारी चितेवर ठेवा. ह्नॅफच्या माणसांना थंडीमुळे समुद्र ओलांडता येत नाही, म्हणून त्यांना मालकाच्या मारेकऱ्याच्याच घरी, त्याच्याशी शपथ घेऊन, अख्खा हिवाळा काढावा लागतो. शपथ पाळावी की सूड घ्यावा? बर्फ वितळतं, तलवारी निघतात, फिन मारला जातो, आणि हिल्डेबुर्हला लुटीबरोबर माहेरी परत नेलं जातं.

गाणं संपतं. लगेच ह्रोथगारची राणी वेआलथेओ पेला घेऊन येते. ती स्वतःही परक्या घराण्यातून आलेली. ती आपल्या मुलांचं भलं चिंतणाऱ्या गोष्टी बोलते. कवी काहीही स्पष्ट करत नाही. पुढे बेओवुल्फ भाकीत करतो, की ह्रोथगार आपल्या मुलीचं लग्न इंगेल्ड या जुन्या शत्रूशी ठरवतोय, पण ते टिकणार नाही. लग्नाच्या मेजवानीत कुणीतरी म्हातारा योद्धा एखाद्या तरुणाला दाखवेल, बघ, तुझ्या बापाची तलवार त्या पाहुण्याच्या कमरेला आहे. विजयाच्या काव्यात हे सगळं ठासून भरलं आहे.

दालन हरवलेला माणूस

मालक मेला, दालन जळलं, तर योद्ध्याचं काय? एक्झिटरच्या पुस्तकातली ‘द वाँडरर’ ही ११५ ओळींची कविता याबद्दल आहे. एक माणूस थंडगार समुद्रावर एकटा वल्ही मारत नवा मालक शोधत फिरतो. त्याला डोळा लागतो. स्वप्नात तो मालकाला मिठी मारतो, त्याचं चुंबन घेतो, त्याच्या गुडघ्यावर हात आणि डोकं ठेवतो, देणग्या घेताना पूर्वी ठेवायचा तसं. जाग येते तेव्हा समोर करड्या लाटा, पंख पसरून अंघोळ करणारे समुद्रपक्षी आणि गारांत मिसळलेलं बर्फ.

आपण एकटेपणाला भावना म्हणून पाहतो. त्या काळात एकटं असणं ही परिस्थिती होती, कारण एकट्या माणसाचा जीव गेला तर त्याचं मोल मागायला कुणी येणार नाही. हे ध्यानात ठेवून पुढच्या ओळी वाचाव्या:

‘घोडा कुठे गेला? स्वार कुठे गेला? देणारा कुठे गेला?
मेजवानीची आसनं कुठे? कुठे गेला दालनातला आनंद?’

असाच विषय ‘डेओर’ या छोट्या कवितेतही आहे, पण सूर निराळा. दरबारी कवी डेओर याची जागा आणि त्याला मिळालेली जमीन दुसऱ्या कवीला दिली गेली आहे. तो जुन्या कथांमधली एकेक दुःखं आठवतो आणि दर वेळी म्हणतो: ते सरलं, हेही सरेल.

‘पण हे सगळं भिक्षूंनी लिहून ठेवलेलं ना?’

हो, आणि हा आक्षेप योग्य आहे. लिहिण्याची विद्या मठांत होती, म्हणून जे उरलं ते मठांच्या चाळणीतून आलं. ‘बेओवुल्फ’चा कवी ख्रिस्ती आहे आणि त्याची पात्रं ख्रिस्तपूर्व श्रद्धांची. तो त्यांच्याकडे ममतेने आणि काळजीने पाहतो. भिक्षूंनाही या कथांचं वेड होतं. ७९७ मध्ये अल्क्विन या विद्वानाने एका बिशपला चिडून लिहिलं: इंगेल्डचा ख्रिस्ताशी काय संबंध? जेवताना वाद्यवाला नको, धर्मवाचन ऐका. हा तोच इंगेल्ड, ज्याच्या लग्नाचं भाकीत वर आलं. मनाई करावी लागली, म्हणजे कथा भोजनगृहात चालू होत्या.

पण चाळणीपेक्षा मिश्रण म्हणणं जास्त खरं. ‘द ड्रीम ऑफ द रूड’ या कवितेत ख्रिस्ताचा क्रूसच बोलतो. मी जंगलातलं झाड होतो, शत्रूंनी मला तोडलं, एक तरुण वीर धावत आला, वस्त्रं उतरवून माझ्यावर चढला. मी त्या सगळ्यांना चिरडू शकलो असतो, पण मालकाच्या आज्ञेविरुद्ध वाकायची माझी हिंमत नव्हती. एकनिष्ठ सेवकाला मालकाच्याच आज्ञेने मालकाच्या मृत्यूचं साधन व्हावं लागतं. ह्रेथेल आणि हिल्डेबुर्हपुढे जी कोंडी होती, तीच इथे बायबलच्या कथेत आली आहे. या कवितेतल्या ओळी स्कॉटलंडमधल्या रथवेल इथे आठव्या शतकातल्या दगडी क्रूसावर रून लिपीत कोरलेल्याही आहेत.

‘हे तर फक्त सरदारांचं जग’

बव्हंशी तसंच आहे. १०८६ च्या डूम्सडे नावाच्या जमीन-मालमत्तेच्या नोंदींत इंग्लंडमधल्या नोंदलेल्या लोकांपैकी सुमारे दहावा हिस्सा गुलाम होता. त्यांचा आवाज वीरकाव्यात नाही. एक्झिटरच्या पुस्तकातल्या नव्वदहून जास्त कोड्यांत मात्र नांगर, बैल, कांदा, पुस्तकं खाणारी अळी असं रोजचं जगणं आहे. बीड सांगतो, की व्हिटबीच्या मठात कॅडमन नावाचा गुराखी होता. मेजवानीत वाद्य आपल्याकडे येतंय असं दिसलं की तो उठून गोठ्यात जाई. एका रात्री स्वप्नात त्याला गाणं सुचलं, आणि त्याच्या नऊ ओळी आज इंग्रजीतल्या सर्वांत जुन्या कवितांत मोजल्या जातात.

स्त्रीच्या तोंडची कविताही आहे. ‘द वाइफ्स लॅमेंट’मधली बाई ओकच्या झाडाखालच्या जमिनीतल्या खोपीत राहते. नवऱ्याच्या नातेवाइकांनी दोघांना तोडलंय. पहाटे ती एकटी फेऱ्या मारते. आणि ‘बेओवुल्फ’च्याच हस्तलिखितात असलेल्या ‘ज्युडिथ’मध्ये एक स्त्री शत्रूच्या दारूने झिंगलेल्या सेनापतीचं डोकं कापते. तिथे मद्यदालनाचं चित्र मुद्दाम उलटं रंगवलंय: देणारा झिंगलेला, आणि त्याची माणसं पळपुटी.

मग वंशाचा अभिमान?

या कवितांवर वंशश्रेष्ठतेचा इमला उभारता येत नाही. ‘बेओवुल्फ’मध्ये कुणी इंग्लिश नायकच नाही. कथा डेन आणि गेआट लोकांची आहे, आणि ती जपून ठेवणाऱ्या हस्तलिखिताच्या काळात डेन लोक इंग्लंडवर हल्ले करत होते. ६६९ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप म्हणून आलेला थिओडोर आजच्या तुर्कस्तानातल्या टार्ससचा होता आणि त्याचा सहकारी हेड्रियन उत्तर आफ्रिकेतला. त्या दोघांच्या शाळेतून इंग्लंडमधली पहिली मोठी विद्वान पिढी निघाली. अँग्लो-सॅक्सन बखरीच्या काही प्रतींत ८८३ च्या नोंदीत राजा आल्फ्रेडने भारतातल्या संत थॉमससाठी दान पाठवल्याचा उल्लेखही आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. माल्डनच्या काव्यात भूमीचं प्रेम आहे. हा देश, राजा एथेलरेडची ही माणसं, ही जमीन मी राखीन, असं बिर्टनॉथ म्हणतो. पण मरायच्या घडीला त्याचे सोबती ज्या गोष्टीचं नाव घेतात ती वंशाची नाही. ते म्हणतात: हा माझा मालक, आणि हा मी दिलेला शब्द.

वाचायला कुठून सुरुवात करावी?

‘डेओर’पासून. बेचाळीसच ओळी आहेत. मग ‘द वाँडरर’, मग माल्डन. मूळ पाठ आणि आधुनिक इंग्रजीतले जुने अनुवाद इंटरनेटवर मोफत मिळतात. समोरासमोर दोन्ही पाठ असलेली आवृत्ती निवडा आणि मूळ ओळ न समजताही मोठ्याने म्हणून पाहा. अनुप्रास कानाला लगेच सापडतो. ‘बेओवुल्फ’ पहिल्या ओळीपासून धरलं तर घराण्यांच्या नावांच्या गर्दीत अनेकजण अडकतात. त्यापेक्षा आधी २,४३५ व्या ओळीपासूनचा ह्रेथेलचा प्रसंग वाचा, तो जेमतेम चाळीस ओळींचा आहे. त्यानंतर मागे येऊन १,०६३ च्या आसपास सुरू होणारी हिल्डेबुर्हची कथा वाचा. राक्षस त्यानंतर.